नौका जुनी, खर्च नवा

जोशुआ स्लोकम या कॅप्टनला १८९२च्या हिवाळ्यात एक नौका फुकट मिळाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फेअरहेवन नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतात, पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, टेकू लावून ती उभी होती. पूर्वी कालवं गोळा करायला वापरलेली ही शिडाची नौका, नाव ‘स्प्रे’. देणारे एबेन पिअर्स हे त्याच्या ओळखीचे, व्हेलच्या शिकारीतून निवृत्त झालेले कप्तान. स्लोकमने तेरा महिने स्वतः राबून ती उभी केली, सामानावर ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च केले आणि २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून शीड उभारलं. तीन वर्षांनी तो परतला, तेव्हा एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं. ही कथा साहसाची म्हणून सांगतात, पण ती हिशेबाची म्हणूनही वाचण्यासारखी आहे. तळाची मुख्य तुळई नवी, फासळ्या नव्या, फळ्या नव्या. फुकट मिळालेल्या त्या नौकेतलं जुनं म्हणावं असं फारसं काही उरलंच नाही. जुनी नौका घेताना आधीच्या मालकाच्या हातावर आपण जी रक्कम ठेवतो, ती नौकेची किंमत नसून त्या किमतीचा पहिला हप्ता असतो. उरलेले हप्ते किती आणि केवढे, हे आधीच्या मालकाने तिची निगा कशी राखली यावर ठरतं. म्हणून जुन्या नौकेच्या व्यवहारात खरी पारख करायची असते ती मालकाची. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे. ते वाटतं तितकं सरळ मात्र नाही, कारण त्याच्या विरोधात बोलता येण्यासारखं बरंच आहे.

आधी हा बाजार इतका मोठा का झाला ते पाहू. लाकडी नौकेला आयुष्याची मर्यादा होती. गोड्या पाण्याने लाकूड कुजायचं, खाऱ्या पाण्यात किडे ते पोखरायचे. देखभाल थांबली की नौका काही वर्षांत मोडीत निघायची. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं आणि हे गणित बदललं. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअर्सन कंपनीने ‘ट्रायटन’ ही २८ फुटी शिडाची नौका मांडली. आराखडा कार्ल आल्बर्ग यांचा होता. या एका नमुन्याच्या सातशेहून अधिक नौका पुढे साच्यातून निघाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आजही पाण्यावर आहेत. साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये अशा नौकांची रीघ लागली. काचेचे धागे आणि राळ यांचं हे कवच कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. परिणामी जुन्या नौका संपतच नाहीत. दरवर्षी नव्या येतात, जुन्या तशाच राहतात, त्यांचे मालक म्हातारे होतात. ज्याला त्याला विकायची घाई, आणि भाव पडलेले. तीस-चाळीस वर्षांची, समुद्रात जाण्याजोगी दिसणारी नौका तिकडे एखाद्या साध्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते, ती या कारणाने.

पण टिकाऊपणाचा हा गुण फक्त नौकेच्या मुख्य कवचाचा आहे, आणि गिऱ्हाइकाची फसगत नेमकी इथे होते. कवच पन्नास-साठ वर्षं टिकलं म्हणून नौका टिकली असं होत नाही. डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचं धरतात, आणि त्यापुढे विमा कंपन्या त्या बदलल्याचा किंवा तपासल्याचा पुरावा मागू लागतात. शिडाचं कापड उन्हाने विरतं. डिझेल इंजिन वापरलं तर झिजतं, आणि वर्षानुवर्षं बंद ठेवलं तर आतून गंजतं. विजेच्या तारा, रबरी नळ्या, पाण्याच्या टाक्या, खिडक्यांच्या कडांचं रबर यांची प्रत्येकाची मुदत वेगळी. म्हणजे जुनी नौका ही वेगवेगळ्या आयुर्मानाच्या शेकडो वस्तूंची मोट आहे. तिचं वय विचारलं तर उत्तर एका आकड्यात देता येत नाही. कवच चाळीस वर्षांचं, तारा सहा वर्षांच्या, इंजिन बारा वर्षांचं, शिडं दोन हंगामांची, अशीही नौका असते. सगळंच चाळीस वर्षांचं असलेलीही असते. जाहिरातीत मात्र दोघींच्या नावापुढे बांधणीचं एकच साल लिहिलेलं असतं.

आता पैशाकडे येऊ. नौकेचा भाव वयाबरोबर उतरतो, पण तिच्यावरच्या कामाचा खर्च उतरत नाही. नवं इंजिन बसवायचं तर इंजिन विकणारा तुमच्या नौकेचं वय विचारत नाही. पोलादी तारेचा भाव फुटावर ठरतो. यार्डात नौका उचलून ठेवण्याचं भाडंही लांबीवर आकारलं जातं, तिच्या बाजारभावावर नाही. त्यामुळे नौका जितकी जुनी आणि स्वस्त, तितकं दुरुस्तीचं तिच्या किमतीशी प्रमाण बिघडत जातं. एक कल्पित उदाहरण घेऊ. एकाच बांधणीच्या, एकाच सालच्या दोन नौका विकायला आहेत. एकीचे दहा लाख मागितले आहेत, दुसरीचे सोळा. सोळा लाखवालीचं इंजिन, तारा आणि शिडं गेल्या पाच-सहा वर्षांत बदललेली आहेत. दहा लाखवालीचं काहीच बदललेलं नाही. हीच तीन कामं तिच्यावर करायला बारा लाख लागणार असतील, तर तिची खरी किंमत बावीस लाख झाली. शिवाय दीड-दोन हंगाम यार्डात गेले ते वेगळेच. विकणाऱ्या मालकाला घातलेला पैसा कधीच पुरता वसूल होत नाही. बाजार त्याच्या बारा लाखांचे सहाच देतो. त्याचं हे नुकसान म्हणजे घेणाऱ्याचा फायदा. म्हणून नुकताच भरपूर खर्च केलेल्या माणसाकडून नौका घेणं हा या बाजारातला सर्वांत किफायतशीर सौदा ठरतो, आणि तोच जाहिरातीत महाग दिसतो.

लांबीच्या मोहाचाही इथेच हिशेब करावा. त्याच पैशात तीस फुटांऐवजी चाळीस फुटी नौका मिळते आहे, असं पुष्कळदा दिसतं. लांबी एक-तृतीयांशाने वाढली की, इतर प्रमाण तेच राहिलं तर, शिडांचं क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून अधिक होतं आणि नौकेचं वजन सव्वादोन पटींच्याही पुढे जातं. डोलकाठी, तारा, नांगर, साखळी, इंजिन हे सगळं या वजनाच्या हिशेबाने मोठं लागतं. चाळीस फुटी नौका तीस फुटीच्या भावात कोणी देतो, तेव्हा हा वाढीव भार आपल्या खांद्यावरून उतरवून तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवत असतो.

निगा राखली नाही तर नेमकं काय बिघडतं, हे डेकच्या एका चौरस फुटात पाहता येतं. फायबरग्लासचा डेक बहुधा एकसंध नसतो. वर-खाली फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सासारख्या हलक्या लाकडाचा गाभा असतो. त्यामुळे डेक हलका आणि तरीही ताठ राहतो. या डेकवर कठड्याचे खांब, विंच, दोर अडकवायच्या खुंट्या असं काय काय बसवलेलं असतं, आणि प्रत्येकासाठी भोकं पाडलेली असतात. भोकांभोवतीचा सीलंट काही वर्षांनी सुटतो. मालकाने दर काही वर्षांनी स्क्रू काढून, भोक कोरडं करून ते पुन्हा बंद केलं नाही, तर पावसाचं पाणी थेंबाथेंबाने गाभ्यात उतरतं आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते. गाभा भिजतो, कुजतो, वरच्या थरापासून सुटतो. वरून रंग तसाच चकचकीत. प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने डेक ठोकत गेलं की फरक कानाला कळतो. धड जागी टणक ‘टक्’ असा आवाज येतो, कुजलेल्या जागी बोदा ‘धप्’. आवाजाची ही सीमा खडूने आखत गेलं तर पुष्कळदा वर्तुळ पुरं होतं, आणि त्याच्या मधोमध एखादा गंजाचे ओघळ आलेला खांब उभा असतो.

तारांचा ताण कवचापर्यंत पोहोचवणाऱ्या पोलादी पट्ट्यांची, म्हणजे चेनप्लेटची, गत याहून वाईट. त्या डेकमधून खाली जातात, आणि स्टेनलेस स्टीलच्या असल्या तरी त्यांना एक दुखणं आहे. स्टेनलेस स्टील न गंजण्याचं कारण म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर धरणारा क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर. तो ओरखडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा धरतो. डेकच्या जाडीत, खारट ओलाव्यात कोंडलेल्या भागाला मात्र ऑक्सिजन मिळत नाही. तिथे थर पुन्हा धरत नाही आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. पट्टी वर चकाकते, खाली चकाकते, आणि मधल्या इंचभर भागात, जिथे कुणाची नजर पोहोचत नाही, तिथे ती अर्धी उरलेली असते. एका चेनप्लेटने दगा दिला तर डोलकाठी आडवी होऊ शकते.

पारख मालकाची करायची म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा तपासायचा का? तेवढ्याने भागत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि त्या विचाराबद्दल २००१मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचा मुद्दा असा होता: विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देऊ करतो. त्यामुळे चांगल्या गाड्यांचे मालक बाजारात उतरत नाहीत आणि खराब गाड्याच उरतात. शिडाच्या नौकांना हे लागू आहेच, पण इथे अडचण आणखी एका पायरीने खोल जाते. इथले सर्वांत घातक दोष पुष्कळदा विकणाऱ्यालाही माहीत नसतात.

मे २०१४मध्ये ‘चीकी रफीकी’ ही चाळीस फुटी फायबरग्लासची नौका कॅरिबियनमधल्या अँटिग्वाच्या शर्यतीनंतर ब्रिटनकडे परतत असताना भर अटलांटिकमध्ये उलटली. चौघे खलाशी गेले. उलटलेलं कवच सापडलं तेव्हा त्याखालची कील गायब होती. कील म्हणजे नौकेला तोल देणारा, तळाखाली बोल्टांनी जोडलेला जड भाग. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाचा अहवाल २०१५मध्ये आला. ही नौका पूर्वी वेळोवेळी तळाला लागली होती. त्या धक्क्यांमुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलच्या जोडाजवळची रचना कमकुवत झाली असण्याची शक्यता अहवालाने मांडली. कवचाला आतून बळकटी देणारा सांगाडा चिकटवलेला असला, तर हलक्या धक्क्यानेही तो सुटू शकतो आणि सुटल्याचं लक्षात येणं कठीण असतं, हेही त्यात नोंदलेलं आहे. ही नौका काही जुन्या बाजारात विकली जात नव्हती, पण धडा त्याच बाजारासाठी आहे. ‘एकदा वाळूला जरा लागली होती, काही झालं नाही’ असं सांगणारा मालक खोटं बोलत नसतो. काही झालेलं त्याला दिसलेलं नसतं, इतकंच.

म्हणून तपासायची ती मालकाची सवय. सवयीचा माग राहतो, आणि तो लपवणं दोष लपवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. पहिला माग कागदांचा: तारा कुणी, कधी बदलल्या याची पावती, इंजिनाचं तेल कोणत्या तासांवर बदललं याची वही, कीलचे बोल्ट कधी पाहिले याची नोंद. ज्याच्याकडे वीस वर्षांच्या पावत्या सालवार लावलेल्या आहेत, त्याच्या तोंडी आश्वासनांची गरज उरत नाही. दुसरा माग नौकेच्या दुर्लक्षित जागांत सापडतो. तळात साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह हाताने सहज फिरतात की जाम झालेत, प्रत्येकाजवळ आणीबाणीत ठोकायची लाकडी गुडदी बांधून ठेवली आहे का, पितळी व्हॉल्व्ह खरवडल्यावर गुलाबी तर दिसत नाही ना? पितळातलं जस्त समुद्राच्या पाण्याने निघून गेलं की मागे सच्छिद्र, ठिसूळ, गुलाबीसर तांबं उरतं. अशा व्हॉल्व्हवर बुडणं-तरणं अवलंबून असतं. याउलट नव्या गाद्या, नवा पडदा, नवा रंग आणि चकचकीत स्क्रीन हे विक्रीपूर्वी आठवडाभरात जमतं. इंजिन पाहायला गेल्यावर ते आधीच गरम असेल, तर थंड असताना ते कसं सुरू होतं हे आपल्याला दिसू नये अशी कुणाची तरी इच्छा असू शकते.

यावर पहिला आक्षेप असा येतो: हे सगळं पाहायला तज्ज्ञ सर्व्हेअर असतो की. ब्रिटन-अमेरिकेत रीत अशी की घेणारा ‘पाहणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाल्यास’ या अटीवर भाव बोलतो, बहुधा दहा टक्के अनामत ठेवतो, आणि नौका पाण्याबाहेर उचलण्याचा व सर्व्हेअरचा खर्च स्वतः करतो. सर्व्हेअर विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा, एवढं पथ्य पाळलं तर हा खर्च पुरेपूर वसूल होतो. विम्यालाही तो अहवाल लागतोच. पण अहवाल शेवटपर्यंत वाचला की त्याची मर्यादा त्यातच लिहिलेली दिसते. सर्व्हेअर सहसा डोलकाठी उतरवत नाही, इंजिन खोलत नाही, आतलं लाकडी अस्तर उचकटत नाही, चेनप्लेट उपसून पाहत नाही. जिथे पोहोचता आलं नाही तिथे ‘तपासता आलं नाही’ असं लिहून तो मोकळा होतो, आणि त्यात त्याची चूक नसते. दुसऱ्याची मालमत्ता तो फोडू शकत नाही. सर्व्हेअरची नजर संपते तिथे मालकाच्या वहीचं काम सुरू होतं. वही नसेल, तर ‘तपासता आलं नाही’ असं लिहिलेली प्रत्येक वस्तू बदलावी लागणार असं धरून भाव बोलावा.

आधीच्या मालकाच्या सवयींत पैशाच्या सवयीही येतात. आपल्याकडे जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का ते पाहतात. नौकेच्या बाबतीत मोठी पंचाईत ही की काही बोजे कुठेच नोंदलेले नसतात. सागरी कायद्याचं एक जुनं तत्त्व असं की काही देणी माणसाला न चिकटता जहाजाला चिकटतात. ‘बोल्ड बक्लू’ या आगबोटीने एका जहाजाला धडक दिली आणि नंतर ती विकली गेली. नव्या मालकाला त्या दाव्याची कल्पना नव्हती. तरीही १८५१मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं, की धडकेच्या भरपाईचा हक्क आगबोटीबरोबर जातो, ती कुणाच्याही ताब्यात असो. अमेरिकेत तर दुरुस्तीचं आणि पुरवलेल्या सामानाचं थकलेलं बिलही असा हक्क निर्माण करतं. म्हणजे आधीच्या मालकाने यार्डाचे पैसे बुडवले असतील, तर यार्डवाला नौका अडकवू शकतो, मग तिचे पूर्ण पैसे तुम्ही चुकवलेले का असेनात. ब्रिटनमध्ये बिलाच्या बाबतीत कायदा घेणाऱ्याला इतका जाचक नाही, पण तिथे दुसरी मेख आहे. तिथल्या ‘स्मॉल शिप्स रजिस्टर’मधली नोंद हा मालकीचा पुरावा ठरत नाही, त्यामुळे खरेदीखतांची साखळी मागावी लागते. भारतात २०१७चा सागरी दाव्यांचा कायदा १ एप्रिल २०१८पासून लागू झाला, आणि मुंबई उच्च न्यायालय हे असे दावे चालवणाऱ्या न्यायालयांपैकी एक आहे. खलाशांचा पगार, बचावकार्याचा मोबदला, बंदराची देणी यांचा हक्क या कायद्यानेही नौकेवर राहतो, मालक बदलला तरी. तो साधारण वर्षभराने संपतो, पगाराचा दोन वर्षांनी. म्हणून यार्ड, धक्का आणि विमा यांच्या गेल्या दोन वर्षांच्या भरलेल्या पावत्या मागणं हे अविश्वासाचं लक्षण समजू नये. ज्याने त्या जपल्या आहेत तो त्या आनंदाने दाखवतो.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा असतो: पैसा नाही, पण हात आहेत, खराब नौका स्वस्तात घेऊन स्वतः दुरुस्त केली तर? स्लोकमने हेच केलं. पण तो नुसता हौशी माणूस नव्हता. आयुष्यभर जहाजं चालवलेला आणि नौका बांधण्याचं काम जाणणारा कप्तान होता. त्याच्या नौकेला रंग, फळ्या, खिळे आणि दोर पुरेसे होते. इंजिन, विजेच्या तारा, पंप, इलेक्ट्रॉनिक उपकरणं यांतलं काहीच नव्हतं. ५५३ डॉलरांत त्याच्या तेरा महिन्यांच्या मजुरीचा एक सेंटही धरलेला नाही. आजचा नोकरदार शनिवार-रविवार काम करून त्याचे तेरा महिने पुरे करायला निघाला, तर चार-पाच वर्षं लागतील, आणि तोवर यार्डाचं भाडं दरमहा चालूच राहील. इंग्लंड-अमेरिकेतल्या यार्डांच्या कोपऱ्यांत ताडपत्रीखाली अशा अर्धवट नौका उभ्या असतात, आणि त्या पुढे ज्या भावाने विकल्या जातात त्यात आधीच्याचे श्रम कुणी धरत नाही. ज्याला दुरुस्तीचंच काम आवडतं, त्याने खराब नौका जरूर घ्यावी. त्याचा पैसा छंदात जातो आहे, आणि छंदाला नफा-तोटा लावायचं कारण नाही. समुद्रावर जायची घाई असलेल्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो: इतका व्याप असेल तर नवीच का घेऊ नये? पैसा असेल तर घ्यावी, पण नवी म्हणजे निर्दोष या समजुतीने घेऊ नये. १९६८ साली कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली, तेव्हा नऊ जण निघाले. डोनाल्ड क्रोहर्स्टची ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ कोरी करकरीत होती. इतकी, की ३१ ऑक्टोबर या शेवटच्या तारखेला निघताना तिची कामंही पुरी झाली नव्हती. थोड्याच दिवसांत ती गळू लागली. त्याची मोहीम शोकांतिकेत संपली. त्याला इतरही कारणं होती, तरी कच्ची नौका हे त्यांतलं पहिलं. शर्यत पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांत, २२ एप्रिल १९६९ रोजी फॉलमथला पोहोचून. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली, सागवानी, आणि भारतातून इंग्लंडपर्यंत आधीच चालवून पाहिलेली होती. तिच्या फळ्यांची फटही वाटेत गळली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात उतरून ती फट भरली आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. हे जमलं, कारण ही नौका कुठे कशी जोडली आहे हे त्यांना अंतर्बाह्य ठाऊक होतं. नव्या नौकेचे दोष शोधायचे राहिलेले असतात. चांगल्या जुन्या नौकेचे आधीच्या मालकाने आपल्या पैशाने शोधून, दुरुस्त करून ठेवलेले असतात. तो शोध विकत घेता येतो, हाच तर जुन्या बाजाराचा मोठा गुण.

शेवटचा आक्षेप अनुभवी लोकांचा: पूर्वीच्या नौका जाड आणि दणकट बांधत, त्यांना इतकं तपासावं लागत नाही. अर्धी गोष्ट खरी आहे. फायबरग्लास नवं होतं तेव्हा त्याच्या ताकदीचा नेमका अंदाज नसल्याने बांधणारे हात सैल सोडत, आणि त्या काळची कवचं अजून टिकून आहेत हा त्याचा पुरावा. १९६८च्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८पासून पुन्हा सुरू झालेल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत १९८८पूर्वीच्या आराखड्याच्या, ३२ ते ३६ फुटी, लांब कीलच्या नौकाच चालतात. २०२३मध्ये ती जिंकली कर्स्टन नॉयशेफर यांनी, आणि दुसरे आले भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी. जुना आराखडा दक्षिण महासागर झेलू शकतो, हे दोघांनी दाखवून दिलं. पण नॉयशेफर यांनी आपली ‘मिनेहाहा’ जुनी विकत घेतल्यावर कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर तिची मोठी डागडुजी केली आणि मगच त्या निघाल्या. जाड कवचाने तारा, बोल्ट आणि चेनप्लेट तरुण होत नाहीत. उलट कवच चिरंजीव असल्यामुळेच बाकीच्या जीर्ण वस्तू त्याच्या आडोशाला वर्षानुवर्षं लपून राहतात.

हे आक्षेप जमेस धरूनही हिशेब तिथेच येतो. ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावलेला मराठी वाचक शिडाची जुनी नौका पाहायला जाईल, किंवा कुणी मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर ती शोधेल, तेव्हा त्याने एक कागद जवळ ठेवावा. त्यावर तारा, चेनप्लेट, कीलचे बोल्ट, शिडं, इंजिन, व्हॉल्व्ह, विजेच्या तारा आणि डेक अशा आठ ओळी लिहाव्यात, आणि प्रत्येकीपुढे शेवटचं काम कोणत्या साली झालं हे पुराव्यासह भरावं. ज्या ओळीपुढे साल नाही, तिथे नव्या वस्तूचा आणि मजुरीचा भाव लिहावा. बेरीज मागितलेल्या किमतीत मिळवावी, आणि त्या एकूण आकड्यावर दुसऱ्या नौकेशी तुलना करावी. अशा तुलनेत सर्वांत स्वस्त नौका क्वचितच जिंकते. आठही ओळी कोऱ्या असतील तर सौदा मोडावा, मग नौका फुकट मिळत असली तरी.